मुस्तफा आणि एफ नंतरचं अक्षर

साताऱ्याला आमच्या शाळेमागच्या बोळात एक व्हिडिओ गेमचं पार्लर होतं. शटर कायम अर्धं खाली, आत अंधार, तीन मशीन आणि गल्ल्यावर मामा. सगळी पोरं त्यांना मामाच म्हणायची, खरं नाव कुणाला माहीत असेल असं वाटत नाही. एक रुपयाला एक कॉइन. आणि तिन्ही मशीनपैकी कोपऱ्यातल्या मशीनवर मुस्तफा. गेमचं खरं नाव कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स, कॅपकॉम कंपनीचा, १९९३ सालचा, त्यात जॅक आहे, हॅना आहे, मेस आहे, पण ज्याचा त्याचा हात मुस्तफावरच जायचा कारण तो पळायला सगळ्यात चपळ, त्यामुळे आख्ख्या गेमचंच नाव मुस्तफा पडलं. आजही माझ्या वयाच्या माणसाला कॅडिलॅक्स वगैरे म्हणून बघा, काही कळणार नाही. मुस्तफा म्हणा, डोळे चमकतात.

तर मागच्या दिवाळीत घरी गेलो होतो तेव्हा मामा भेटले. आता त्यांचं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. बोलता बोलता म्हणाले, दोन मशीन कधीच भंगारात गेली, तुमचं मुस्तफा मात्र गोडाउनला पडलंय, भंगारवाला किलोवर मागतोय, पाहिजे तर घेऊन जा. मी म्हणलं चालू आहे का? ते म्हणाले, "चालू असतं तर तुला दिलं असतं का रे?"

सहा हजाराला सौदा झाला. टेम्पोचे साडेतीन हजार वेगळे. पुण्यात सोसायटीच्या लिफ्टमध्ये ते मावलं नाही (मोजून न्यायचं डोकं कुणाला असतं), मग वॉचमन, टेम्पोवाला, त्याचा पोऱ्या आणि मी असे चौघं तीन मजले चढलो. बायकोने दार उघडलं, बघितलं आणि विचारलं, हे कपाट आहे का? मी म्हणलं गेमचं मशीन आहे. ती म्हणाली, बाल्कनीत. विषय संपला.

माझा डिप्लोमा इलेक्ट्रॉनिक्सचा आहे पण नोकरी सगळी एक्सेलमधली, सोल्डरिंग आयर्न शेवटचं कधी धरलं होतं ते आठवत नाही. त्यामुळे पहिलं काम केलं ते म्हणजे आमच्या मागच्या गल्लीतल्या टीव्हीवाल्या काकांना गाठलं. काकांनी चाळीस वर्षं टीव्ही रिपेअर केले, आता दुकान बंद, नातवंडं सांभाळतात. त्यांना सांगितलं पिक्चर ट्यूबवालं मशीन आहे. माणूस खुर्चीतून उठलाच एकदम. म्हणाले मी रविवारी येतो, तोपर्यंत प्लगमध्ये घालायचं नाही, काही म्हणजे काही नाही. आणि मागची फळी काढलीस तरी ट्यूबच्या त्या रबरी टोपीला हात लावायचा नाही.

ती रबरी टोपी म्हणजे अॅनोडची. मशीन चालू असताना तिथे वीस हजारांच्या वर व्होल्ट असतात आणि बंद केल्यावरही ट्यूब तो चार्ज धरून ठेवू शकते. काकांनी रविवारी आल्यावर पहिलं तेच केलं. लांब स्क्रूड्रायव्हर घेतला, त्याच्या दांड्याला वायर गुंडाळली, वायरचं दुसरं टोक ट्यूबच्या पाठीवरच्या अर्थच्या जाळीला लावलं, डावा हात पाठीमागे कमरेवर ठेवला (दोन्ही हात आत असले की करंट छातीतून जातो) आणि टोपीखाली टोक सरकवलं. काहीच झालं नाही. इतकी वर्षं पडून होतं, चार्ज कुठला राहतोय. पण काका म्हणाले, "नसतोच बहुतेक. असतो तेव्हा कळतं."

आत काय होतं ते सांगतो. उंदराचं घरटं, त्यात जुन्या पेपरचे तुकडे आणि माझ्या अंदाजाने निम्म्या शाळेच्या बसपासचे तुकडे, तीन चॉकलेटचे कागद, एक कंगवा. कॅबिनेट कुणीतरी सुताराने प्लायवूडमध्ये केलेलं, त्यात २१ इंची साधी टीव्हीची ट्यूब आणि टीव्हीचीच चॅसिस, म्हणजे ट्यूब चालवणारं सर्किट, गेमबोर्डचे रेड ग्रीन ब्लू थेट घेईल अशी बदल केलेली. हे जमतं कारण आपल्या जुन्या टीव्हीचा आडवा स्कॅन साधारण साडेपंधरा किलोहर्ट्झचा आणि या जुन्या गेमबोर्डचाही जवळपास तेवढाच, म्हणून इथल्या कारागिरांनी परदेशी मॉनिटरच्या नादी न लागता टीव्ही फोडून मशीन बनवली. खाली एक एसएमपीएस, म्हणजे बोर्डला ५ आणि १२ व्होल्ट देणारा पत्र्याचा डबा. आणि फ्यूज! फ्यूज होल्डरमध्ये उडालेला फ्यूज तसाच ठेवून त्याच्यावर सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळलेली. काका बघून हसले, म्हणाले हे तुझ्या मामाचं काम, धंद्याच्या टायमाला फ्यूज आणायला कोण जातो.

दुसरी गोष्ट, प्लग दोन पिनेचा. अर्थिंग नाहीच. तेव्हा आठवलं, पावसाळ्यात ओल्या चपला बाहेर काढून आत गेलं की कॉइनच्या लोखंडी दाराला हात लागल्यावर मुंग्या यायच्या. आम्ही म्हणायचो मशीन चावतंय. कोण किती वेळ हात ठेवतो याच्या पैजा लावायचो. आता स्वतःची पोरगी त्या दारासमोर उभी राहणार म्हणल्यावर घाम फुटला. सगळ्यात आधी तीन पिनेचा प्लग आणि दाराला जाड हिरवी वायर, मग बाकी सगळं.

मग सिरीज बल्ब. ज्यांनी टीव्हीवाल्याकडे बसून वेळ काढलाय त्यांना माहीत असेल, मशीन थेट मेनला न लावता मध्ये सिरीजमध्ये १०० वॅटचा बल्ब टाकायचा, आत शॉर्ट असेल तर बल्ब फुल पेटतो आणि मशीन वाचतं, शॉर्ट नसेल तर बल्ब एकदा चमकून मंद होतो. यात गंमत अशी की एलईडी चालत नाही, तारेचाच बल्ब लागतो आणि तो मिळेना. चार दुकानं फिरलो, शेवटी तपकीर गल्लीत मिळाला, दुकानदाराने विचारलं कोंबडीच्या पिल्लांसाठी का?

बल्ब फुल पेटला. ढिम्म, मंद व्हायचं नावच नाही. काकांनी आधी एसएमपीएसची वायर काढली, बल्ब तसाच. मग चॅसिसची काढली, बल्ब विझला. म्हणजे शॉर्ट चॅसिसमध्ये. मीटर डायोड मोडवर टाकून ब्रिजचे, म्हणजे मेनचा एसी डीसी करणारे, चार डायोड बघितले, दोन दोन्ही बाजूंनी बीप देत होते. डायोडने करंट एकाच बाजूने सोडायचा असतो, दोन्हीकडून बीप म्हणजे तो गेला. चारही बदलले, वीस रुपयाचा मामला, शेजारचा मोठा ४०० व्होल्टचा कंडेन्सर वरून फुगला होता तोही बदलला. परत सिरीज. बल्ब भक्कन पेटला, आणि हळूहळू लालसर होत मंद झाला. ट्यूबच्या मानेत नारिंगी ठिपका दिसायला लागला. बाल्कनीत आम्ही दोघं त्या ठिपक्याकडे बघत उभे, खाली कुणीतरी कुकर लावला होता त्याच्या शिट्ट्या, आणि ट्यूबचा तो बारीक किंऽऽ आवाज. काकांना तो आता ऐकू येत नाही म्हणाले, वयामुळे. मला मात्र आला.

पडद्यावर मधोमध एकच आडवी पांढरी रेघ. बाकी काळं.

काका लगेच ओरडले, "ब्राइटनेस कमी कर आधी, ट्यूब भाजेल!" ट्यूबमधला सगळा इलेक्ट्रॉनचा बीम एका रेघेवर पडत राहिला तर तिथला फॉस्फर, म्हणजे काचेमागचा चमकणारा थर, जळतो आणि ती रेघ कायमची छापली जाते. रेघ म्हणजे व्हर्टिकल गेलंय, बीम आडवा फिरतोय पण वरखाली होत नाहीये. काकांनी स्क्रूड्रायव्हरची प्लास्टिकची मूठ उलटी धरली आणि व्हर्टिकल आयसीच्या आसपास बोर्डवर टकटक केलं. एका टकटकीला रेघ उघडली, बोटभर जाडीची झाली, परत मिटली. "ड्राय सोल्डर," म्हणाले आणि चष्मा मला दिला, बघ म्हणाले.

बंद करून, डिस्चार्ज करून, चॅसिस उलटी केली. आयसीच्या पिना वर्षानुवर्षं तापून गार होऊन तापून गार होऊन, पिनेभोवतीच्या सोल्डरला केसाइतकी बारीक गोल चीर पडलेली, नखावरच्या चंद्रासारखी. एकदा दिसली की मग सगळीकडे दिसायला लागते, डिफ्लेक्शन कॉइलच्या कनेक्टरवर दोन, एलओटीच्या, म्हणजे ट्यूबला हाय व्होल्टेज देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरच्या, पायाला एक. जुनं सोल्डर पंपाने ओढून काढायचं, थोडा फ्लक्स, नवीन सोल्डर. नुसतं वरून गरम करून भागत नाही, काकांनी माझे पहिले दोन जॉइंट बघून परत करायला लावले, म्हणाले हे लोणी लावलंयस, सोल्डर नाही.

चालू केलं आणि पडदा उघडला. वरचा दोन इंचाचा पट्टा दुमडल्यासारखा स्वतःवरच पडत होता, त्याला आयसीजवळचा १०० मायक्रोफॅरॅडचा कंडेन्सर कारण निघाला (बीमला खालून वर परत न्यायला जो जादा धक्का लागतो तो या कंडेन्सरमधून येतो, तो वाळला की वर घडी पडते). तो ३५ व्होल्टचा, आणि ८५ डिग्रीचा न घेता १०५ वाला घेतला कारण बसतो गरम आयसीच्या शेजारी. आता चित्र. खरंच चित्र! रंग बरोबर, कॅपकॉमचं नाव आलं, मी बायकोला हाक मारली, ती येईपर्यंत पडदा काळा. परत कॅपकॉमचं नाव. परत काळा. दर चारपाच सेकंदाला बोर्ड रीसेट.

इथे काका गेले, नातवाला शाळेच्या बसवरून घ्यायचं होतं, सोमवार ते शनिवार त्यांची ड्यूटी असते आणि त्या दिवशी कुठल्यातरी परीक्षेमुळे रविवारीही शाळा होती. पुढचं तू बघ म्हणाले, बोर्डातलं मला कळत नाही.

बोर्डाबद्दल थोडं सांगायला पाहिजे. कॅपकॉमचा या गेमचा ओरिजिनल बोर्ड क्यूसाउंड नावाच्या साउंड सिस्टिमवाला असतो आणि त्यात एक बॅटरी असते, ती संपली की आवाजाच्या प्रोसेसरमधली कुलूप उघडायची किल्ली पुसली जाते आणि बोर्ड मरतो. मी हे वाचून आधीच घाबरलो होतो. पण माझ्या बोर्डवर बॅटरीच नाही! म्हणजे कॉपी. बोर्डवर कंपनीचं नाव नाही, चिपांच्या पाठी घासलेल्या, मोटोरोला ६८००० हा प्रोसेसर तेवढा ओळखू येतो, आणि आवाजाला ओकेआय ६२९५ ही चिप. आमच्या अख्ख्या बालपणाचा मुस्तफा डुप्लिकेट होता. नंतर मी ओरिजिनलचं म्युझिक हेडफोनवर ऐकलं, तर ते वेगळंच होतं, भरलेलं, आणि खरं सांगू तर मला अजिबात आवडलं नाही.

असो. रीसेट म्हणजे बहुतेक वेळा पाच व्होल्टची रड. एसएमपीएसवर मीटर लावला, ५.३१. उलट जास्तच. मग अर्धा तास मी रॉम, म्हणजे गेम साठवलेल्या चिपा, काढून पाय घासून परत बसवत होतो, उगाच. नंतर सुचलं की बोर्डवर मोजून बघू, चिपच्या पिनेवर. तिथे ४.५८. म्हणजे डब्यातून निघालेले पाऊण व्होल्ट रस्त्यातच खाल्ले जात होते. कुणीतरी, मामा किंवा त्यांचा मेकॅनिक, एसएमपीएसचा स्क्रू फिरवून फिरवून व्होल्टेज वाढवत गेला होता आणि खरा चोर होता कनेक्टर. हा कनेक्टर जॅमा नावाच्या पद्धतीचा, जपानच्या गेम मशीनवाल्यांच्या संघटनेने १९८५ च्या सुमारास ठरवलेली, एका बाजूला २८ पिना, दुसऱ्या बाजूला २८, एकूण ५६. त्यामुळे कुठलाही बोर्ड काढून कुठलाही लावता येतो. त्यातल्या पाच व्होल्टच्या चार पिना काळ्या पडून प्लास्टिक वितळलेलं, वास घेतला तर अजून जळकट वास.

बोर्डची सोनेरी बोटं, म्हणजे कनेक्टरमध्ये बसणाऱ्या कडेच्या पट्ट्या, खोडरबरने घासली, पोरीच्या कंपासमधलं खोडरबर, तिने नंतर भांडण केलं. कनेक्टर मात्र बदलणंच भाग होतं. ऑनलाइन मागवला, साडेतीनशेला आला.

आता माझा शहाणपणा ऐका. या कनेक्टरला वरच्या बाजूला आकडे असतात, १ ते २८, आणि खालच्या बाजूला इंग्रजी अक्षरं. जुना कापायच्या आधी मी प्रत्येक वायरला चिकटपट्टी लावून नंबर किंवा अक्षर लिहिलं, एकदम शिस्तीत, फोटोबिटोसुद्धा काढले, वरच्या बाजूचे. मग सगळ्या वायरी एकदम कापल्या. नवा कनेक्टर स्वस्तातला, त्याच्यावर आकडे छापलेले पण खाली अक्षरं नाहीत. त्यात काय एवढं म्हणलं, स्केचपेन घेतला आणि खाली लिहून काढलं, ए बी सी डी ई एफ जी एच आय जे. दोन संध्याकाळी बसून पन्नासच्या आसपास जॉइंट केले, प्रत्येकावर श्रिंक ट्यूब, काकांनी लोणी म्हणू नये म्हणून एकेक जॉइंट भिंगातून बघितला.

बोर्ड लावायला घेतला तेव्हा लेक शेजारी उभी, चौथीत आहे. म्हणाली बाबा, ही बाजू वर का? मी थांबलो. सातव्या पिनेच्या जागी बोर्डाला एक खाच असते आणि कनेक्टरमध्ये तिथे एक छोटी प्लास्टिकची चकती घालायची असते, म्हणजे उलटा लागूच शकत नाही. ती चकती पिशवीतच राहिली होती आणि मी बोर्ड उलटा धरला होता. उलटा लागला असता तर बारा व्होल्ट बटणांच्या लायनीत घुसले असते. तिला काही बोललो नाही. चकती घातली, बोर्ड सरळ केला, तिला एक चॉकलेट देऊन टाकलं, तिला कळेना कशाबद्दल.

पाच व्होल्ट बोर्डवर ५.०४, एसएमपीएसचा स्क्रू खाली आणून. रीसेट बंद. आणि पडद्यावर गुलाबी-जांभळ्या तिरक्या चिंध्या. नुसत्या चिंध्या पळतायत, चित्राचा पत्ता नाही, आवाज नाही.

इथे मी तीन दिवस घालवले. हिरवा रंग नाही म्हणून सगळं गुलाबी, एवढं कळत होतं, आणि चिंध्या म्हणजे सिंक नाही, म्हणजे चित्राची ओळ कुठे सुरू करायची हे सांगणारा सिग्नल पोचत नाही. मग माझ्या डोक्याने असं ठरवलं की चॅसिसच परत गेली. मानेवरच्या बोर्डचे सगळे जॉइंट परत केले. हिरव्याचा ट्रान्झिस्टर काढून तपासला, चांगला. तरी नवीन टाकला. काहीही फरक नाही. रात्री साडेअकराला बायको म्हणाली, शेजारच्या काकू विचारत होत्या तुमच्याकडे रोज काय जळतं. तो फ्लक्सचा वास होता.

शेवटी काकांना फोन. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "चॅसिस रविवारी चित्र दाखवत होती ना रे?" हो म्हणलं. "मग रविवारनंतर तू कशाला हात लावलास?" कनेक्टरला. "मग चॅसिस कशाला उघडून बसलायस?" ठेवला फोन.

तरी मला चूक दिसेना. चिकटपट्ट्या बघितल्या, अक्षरं बघितली, एन ची वायर एन ला, पी ची पी ला, सगळं जिथल्या तिथे. जॅमामध्ये हिरवा रंग एन वर आणि सिंक पी वर असतो, तेही जुळवून बघितलं. सकाळी लेक बाल्कनीत कचऱ्याच्या डब्यातून तो जुना जळका कनेक्टर काढून खेळत बसलेली, तिचं ट्रेन का काहीतरी चालू होतं, एकेका खाचेत काडी घालत अक्षरं वाचत होती. ए, बी, सी, डी, ई, एफ, एच. मग थांबली, आणि मोठ्याने म्हणाली, "बाबा, यांना एबीसीडी येत नाही. एफच्या नंतर एच लिहिलंय."

मी चहाचा कप तसाच ठेवून गेलो. घेतला हातात. ए बी सी डी ई एफ एच जे के एल एम एन पी आर. जी नाही, आय नाही, ओ नाही, क्यू नाही. आकड्यांशी गफलत व्हायला नको म्हणून ही अक्षरं गाळायची पद्धत आहे, आय म्हणजे एक वाटतो, ओ आणि क्यू शून्य. हे मला डिप्लोमाला कुणी सांगितलं असेल तर मी त्या दिवशी बहुतेक मुस्तफा खेळायला गेलो असणार. मी बापडा सरळ बाराखडी लिहीत गेलो, त्यामुळे एफच्या पुढे सगळं सरकलेलं. माझा एन प्रत्यक्षात चौदाव्या जागेवर, म्हणजे आर वर. सिंकची वायर गेलेली कॉइनवर. स्पीकरची एक वायर जाऊन बसली हिरव्या रंगावर. दुसऱ्या प्लेअरचं हँडल चार घरं पुढे. आणि मी तीन दिवस ट्रान्झिस्टर बदलतोय! काखेत कळसा म्हणतात तो कचऱ्याच्या डब्यात होता एवढाच फरक.

नशीब एवढंच की वीज सगळी पहिल्या सहा पिनांत आहे, ए ते एफ, आणि तिथपर्यंत माझी एबीसीडी बरोबर होती. जी चं अक्षर त्या आधी आलं असतं तर बोर्ड केव्हाच धूर होऊन गेला असता.

परत एक संध्याकाळ, खालची बाजू सगळी काढून परत लावली, या वेळी जुना कनेक्टर शेजारी ठेवून. चित्र आलं, आणि असं आलं की मी पाच मिनिटं नुसता डेमो बघत बसलो. टीव्हीवर किंवा मोबाइलवर हाच गेम बघितलाय हो, पण तिथे चौकोनी ठिपके दिसतात, ट्यूबवर कडा मऊ दिसतात आणि काळ्या रेघांमधून रंग पेटल्यासारखे. चित्र थोडं बुटकं होतं, आपला टीव्ही सेकंदाला पन्नास वेळा वरखाली करणारा आणि बोर्ड साठच्या आसपास, ते व्हर्टिकल साइझच्या स्क्रूने ताणून घेतलं.

बाकीचं किरकोळ. आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा, अॅम्प्लिफायर आयसी टीडीए २००३ च्या पुढचा हजार मायक्रोफॅरॅडचा कंडेन्सर वाळलेला, बदलला, धाडधाड आवाज सुरू. दुसऱ्या प्लेअरची दोन्ही बटणं मेलेली, स्टार्टही मेलेलं, तेव्हा मायक्रोस्विच बदलत बसलो नाही (एवढं शिकलो होतो), तीन गोष्टी एकदम मरत नसतात, सगळ्या बटणांची ग्राउंडची वायर एकातून दुसऱ्याला अशी माळेसारखी गेलेली असते, उंदराने ती एका ठिकाणी कुरतडलेली. दीड इंच वायर, काम झालं. हँडलची स्प्रिंग मात्र तीच ठेवली, डावीकडे थोडं जास्त झुकतं, मला ते तसंच आठवतं.

राहिला कॉइनचा डबा. मी तो काढून बटण लावणार होतो पण लेक म्हणाली नाही, पैसे टाकूनच खेळायचं. घरात होता नव्हता तेवढा एक रुपया गोळा केला. टाकला, खण्ण करून खालून परत बाहेर. दुसरा, परत बाहेर. दहा नाणी, दहाही परत. मी डबा खोलून सेन्सर पुसला, तार सरळ केली, काही नाही. मग नाणं आणि खाच जवळ धरून बघितली. तो डबा आमच्या वेळच्या एक रुपयाला सेट केलेला, तो स्टीलचा मोठा रुपया २५ मिलिमीटरचा होता, आणि २०११ साली आलेला रुपया २२ मिलिमीटरच्या आसपास, वजनालाही हलका. मशीन त्याला रुपया मानायलाच तयार नाही.

लेकीने विचारलं मग कुठलं चालेल? पट्टीने सगळी नाणी मोजली आम्ही डायनिंग टेबलवर बसून. २०११ वालं दोन रुपयाचं नाणं बरोबर २५ मिलिमीटर निघालं, वजनही जुन्या रुपयाइतकंच. टाकलं. आत कुठेतरी खट् झालं आणि पडद्यावर क्रेडिट एक.

रात्री मामांना फोन करून सांगितलं की मशीन चालू झालं, फक्त आता दोन रुपये घेतंय. मामा म्हणाले, "बरोबर आहे, तेव्हाच वाढवायला पाहिजे होते, तुम्ही पोरं बोंबलला असतात म्हणून नाही वाढवले." आणि मग विचारलं, फ्यूजला चांदी लावलेली ती काढलीस का?